ऑर्थो सर्जन आणि रिजनरेटिव्ह मेडिसिन: करिअर म्हणून कसं? (भाच्यासाठी विचारतेय)

लिंबूसरबत:
नमस्कार मंडळी. भाचा मुंबईतल्याच एका म्युनिसिपल मेडिकल कॉलेजात एमएस ऑर्थो करतोय, दुसरं वर्ष. घरात सगळ्यांनी गृहीतच धरलेलं की हा पुढे जॉइंट रिप्लेसमेंट करणार, दोन-तीन हॉस्पिटलांना अटॅच होणार, पार्ल्यात क्लिनिक टाकणार, झालं. आता मधेच त्याच्या डोक्यात रिजनरेटिव्ह मेडिसिन शिरलंय. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), बोनमॅरो (हाडातला मगज), कार्टिलेज (सांध्यातलं गुळगुळीत अस्तर) परत उगवणं वगैरे वगैरे. भावोजी म्हणतात सगळं थोतांड, स्टेशनबाहेर 'बिना ऑपरेशन गुडघेदुखी गायब' असे बोर्ड असतात त्यातलाच प्रकार, एवढं शिकून हे करायचं का. भाचा म्हणतो बाबांना काही कळत नाही. दोघांचं बोलणं सध्या ताईमार्फत चालू आहे. ताई मला म्हणाली तू त्या फोरमवर पडीक असतेस तर निदान काही उपयोग होऊदे, तिथे डॉक्टर आहेत ना, विचार.
तर विचारतेय. हे खरंच करिअर आहे का? ऑपरेशनं सोडून द्यावी लागतात का? मुंबईत काही आहे की परदेशातच जावं लागतं? आणि हो, भावोजींच्या वतीने: पोट भरतं का?

सेमीफास्ट:
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझाही गुडघा वाजतो.

कांदेपोहे:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हाडाचे डॉक्टर येईपर्यंत धाग्याचा काश्मीर करू नका कोणी.

चाळकरी:
भावोजींना जोरदार अनुमोदन. आमच्या आईचं सांगतो. दोन्ही गुडघे गेलेले, पाय बाहेरच्या बाजूला बाकलेले, संडासला जाताना भिंत धरायची. कुणीतरी सांगितलं म्हणून उपनगरातल्या एका क्लिनिकात नेलं, नाव घेत नाही. रिसेप्शनला मोठा टीव्ही आणि त्यावर उड्या मारणारे आजीआजोबा. एक्सरे पाकिटातून बाहेर यायच्या आधी पॅकेज सांगून झालं होतं. पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेमसेल गुडघ्यात सोडणार, कार्टिलेज नवीन येणार. दोन्ही गुडघ्यांचे मिळून लाखाच्या वर गेले आणि वर्षाच्या आत परत भिंत. शेवटी सरळ रिप्लेसमेंट केलं, आता ती स्वतः जिना उतरून भाजी आणते आणि भाजीवाल्याशी भांडून पण येते. त्यामुळे भाच्याला म्हणावं रिप्लेसमेंट शीक बाबा, पुण्य लागेल.

हाडाचा_डॉक्टर:
लिंबूताई, उशीर झाला, ओटी लांबली आज.
आधी चाळकरींना. तुमच्या आईंच्या बाबतीत झालं त्याला रिजनरेटिव्ह मेडिसिन म्हणायचं की दुकान, तुम्हीच ठरवा. पाय बाकलेला, ग्रेड ४, हाडाला हाड टेकलेलं, अशा गुडघ्यात जगातलं काहीही टोचलं तरी पायाचा अक्ष सरळ होत नाही आणि अक्ष सरळ झाल्याशिवाय एकाच बाजूला घासायचं थांबत नाही. त्यांना तिथल्या तिथे 'हे तुमच्यासाठी नाही' असं सांगायला हवं होतं. ते नाही म्हणणं ज्याला जमतं, कारण त्याला ऑस्टिओटॉमी (हाड कापून पाय सरळ करणं), रिप्लेसमेंट, फिजिओ हे बाकीचे रस्ते माहीत असतात आणि स्वतःच्या हाताने करता येतात, त्याने या वाटेला जावं. ज्याच्याकडे नुसती सुई आहे त्याला समोर येणारा प्रत्येक गुडघा सुईचाच दिसतो. माझं मुख्य म्हणणं एवढंच, पुढचं पाल्हाळ.

आता भाचा. त्याला सांगा तू रोज वॉर्डात रिजनरेटिव्ह मेडिसिनच बघतोयस. लोकलमधून पडलेला पोरगा, टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) तुकडा गेलेला, इन्फेक्शन साफ करताना अजून थोडं हाड काढावं लागलं, मधे गॅप. त्याला पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा लावतात ना? सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्हने १९५० च्या दशकात हे बसवलं आणि पश्चिमेकडच्या सर्जनांना त्याची नीट ओळख व्हायला १९८० चं दशक उजाडलं. हाड हलक्या हाताने कापायचं, आठवडाभर गप्प बसायचं, मग दिवसाला १ मिलिमीटर ताणायचं, तेही एका दमात नाही, पाव पाव करून चार वेळा. आमच्या वॉर्डात हे पेशंटची बायको नाहीतर आई करते. उशीखाली छोटा पाना असतो, सकाळच्या चहाला पाव, जेवणाला पाव, संध्याकाळी पाव, झोपायच्या आधी पाव, आणि चुकून उलटा फिरवू नये म्हणून वॉर्डबॉय मामा नटावर मार्करने बाण काढून देतात. पहिले काही आठवडे एक्सरेवर गॅपमध्ये काळंच काळं दिसतं, नातेवाईक घाबरतात, मग एक दिवस धुरकट उभ्या रेघा दिसायला लागतात. त्याला आम्ही रिजनरेटच म्हणतो. पेशंटचं स्वतःचं नवीन हाड, बाटलीतलं काही नाही. हाड मुळातच व्रण न ठेवता भरून येतं, आमच्या शाखेला मिळालेली ही मोठी सवलत आहे.
कार्टिलेजला ती सवलत नाही. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही, पेशी अगदी तुरळक. त्यामुळे इजा झाली की रक्त येत नाही, गुठळी होत नाही आणि दुरुस्तीची गँगच तिथे पोचत नाही. स्टेडमनने खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणायची युक्ती काढली, मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात, पण त्यातून येतं ते फायब्रोकार्टिलेज, मूळच्यासारखं गुळगुळीत आणि टिकाऊ नव्हे. मग १९९४ मध्ये स्वीडनच्या ब्रिटबर्ग वगैरेंनी पेशंटच्याच कार्टिलेजच्या पेशी काढून, लॅबमध्ये वाढवून, परत गुडघ्यात बसवल्याचा पेपर छापला, २३ पेशंट. आज जे काही चाललंय त्यातलं बरंचसं त्याचीच लेकरं-नातवंडं. एवढ्या वर्षांनंतरही कार्टिलेजचा प्रश्न सुटला असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत असेल तर खिसा सांभाळा.

लिंबूसरबत:
डॉक्टर, खूप खूप आभार. मग सर्जरी सोडायची नाही असं म्हणताय? तो म्हणतो मला सुतारकाम नको, बायॉलॉजी करायचीय.

हाडाचा_डॉक्टर:
हाहा, सुतारकाम! दुसऱ्या वर्षात सगळे असंच बोलतात, इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी तर नक्कीच.
सुतारकाम आल्याशिवाय बायॉलॉजीला उभं राहायला जागा मिळत नाही हो. नॉनयुनियन घ्या, म्हणजे न जुळलेलं हाड. तिथे बोनमॅरो टाका, बीएमपी (नवीन हाड तयार करायला लावणारं प्रोटीन) टाका, काहीही टाका, फ्रॅक्चर हलत असेल तर जुळणार नाही. आधी प्लेट किंवा नेल नीट बसली पाहिजे. लिगामेंट तुटलेल्या डगमगत्या गुडघ्यात कार्टिलेज रोपलं तर ते सहा महिन्यांत खरवडून निघतं, आधी लिगामेंट करा. म्हणजे मेकॅनिक्स आधी, पेशी नंतर, हा क्रम बदलत नाही.
त्यामुळे रस्ता साधारण असा: एमबीबीएस साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून, एमएस ३, मधे नीटच्या रांगेत गेलेला वेळ आणि सरकारी सेवेचा बाँड वेगळा. त्यानंतर एखादी चांगली फेलोशिप, आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याचं ऑपरेशन) किंवा ट्रॉमा-लिंब रिकन्स्ट्रक्शन किंवा हिप प्रिझर्व्हेशन (मूळचा खुबा वाचवणं), कारण पेशींचा उपयोग होण्याजोगे पेशंट याच तीन दारांतून येतात. 'फेलोशिप इन रिजनरेटिव्ह' नावाचे शनिवार-रविवारचे हॉटेलातले कोर्स भरपूर आहेत, सर्टिफिकेट फ्रेम करण्याइतकं गुळगुळीत असतं, मशीनवाला कोपऱ्यात ऑर्डर बुक घेऊन उभा असतो. जाऊन या, जेवण चांगलं असतं. त्यातून कोणी स्पेशालिस्ट होत नाही.
आणि तिसऱ्या वर्षानंतर आठवड्यातला एखादा दिवस लॅबवाल्यांबरोबर घालवा. यासाठी मुंबई सोडायची गरज नाही. पवईला आयआयटीत बायोमटेरियल आणि टिश्यू इंजिनिअरिंगवाले आहेत, परळलाच प्रजनन आरोग्याची आयसीएमआरची संस्था आहे, तिथे स्टेमसेलवर काम चालतं. ऑर्थोवाले सहसा जात नाहीत, गेलात तर ते लोक खूश होतात, कारण त्यांना कोणीतरी सांगायला हवंच असतं की उंदराच्या गुडघ्यात चाललेली गोष्ट साठ वर्षांच्या गिरगावकराच्या गुडघ्यात का चालत नाही.

फिजिओताई:
डॉक, फिजिओ विसरलात नेहमीप्रमाणे.

हाडाचा_डॉक्टर:
वर एकदा लिहिलंय की :) तुम्ही लिहा सविस्तर, तुम्हाला राग नीट मांडता येतो.

पेशीवाली:
मी डॉक्टर नाही, सेल बायॉलॉजीवाली आहे आणि बरीच वर्षं जीएमपी लॅबमध्ये (औषधाच्या दर्जाने पेशी तयार करणाऱ्या) काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिते.
सर्जनला वाटतं 'पेशी' म्हणजे एक कुपी. आमच्या बाजूने काय असतं ते सांगते. बोनमॅरो थंड पेटीत येतं, पेटीत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असतं, ते आधी तपासायचं. मधे कुठे ट्रॅफिकमध्ये पेटी तापली असेल तर इथेच खेळ संपला. मग गाऊन, दोन ग्लोव्ह, एअरलॉक, पेशी वेगळ्या करायच्या, फ्लास्कमध्ये टाकायच्या. मॅरोतल्या केंद्रक असलेल्या पेशींमध्ये ज्या हव्यात त्या मेझेन्कायमल (हाड, कार्टिलेज बनू शकणाऱ्या) पेशी साधारण दहा हजारात एक ते लाखात एक. म्हणून वाढवाव्या लागतात, त्याला काही आठवडे जातात, रोज कोणीतरी जाऊन बघायचं, दिवाळी असो की सव्वीस जुलैचा पाऊस. शेवटी निर्जंतुकपणा, एंडोटॉक्सिन, मायकोप्लाझ्मा, किती जिवंत आहेत, या सगळ्या चाचण्या. यात एक जरी नापास झाली की बॅच फेकायची आणि सर्जनला फोन करायचा. आणि तिथे सर्जन कळतो. एक जण म्हणतो 'ठीक आहे, पेशंटला मी समजावतो, परत मॅरो काढू'. दुसरा म्हणतो 'अहो मॅडम ओटी बुक आहे, थोडं ॲडजस्ट करा ना'. तुमचा भाचा पहिल्या प्रकारचा असेल तर या क्षेत्राला हवाच आहे.

कायद्याचंही लिहिते कारण तरुण डॉक्टर इथेच घसरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेमसेल वापर हा संशोधनात मोडतो. म्हणजे एथिक्स कमिटी, सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या सरकारी यादीत) नोंदणी, आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना औषधाचेच नियम लागू, डीसीजीआयची (केंद्राच्या औषध नियंत्रकांची) परवानगी लागते. ती मिळवलेली उत्पादनं आहेत. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसला २०१७ मध्ये हाडाच्या आणि कार्टिलेजच्या पेशींसाठी मिळाली, बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या पेशींना गुडघ्याच्या आर्थरायटिससाठी २०२२ मध्ये, ते अल्केम विकते. चाळकरींच्या आईंना दिलेलं 'चरबी काढली, दुपारी टोचली, बिल फाडलं' हे यात कुठेच बसत नाही. पीआरपी ही वेगळी गोष्ट, त्यात स्टेमसेल नसतात, प्लेटलेट्स असतात, पण बोर्डावर दोन्ही एकाच ओळीत लिहितात.

चाळकरी:
पेशीवाली, हे मला तेव्हा माहीत असतं तर! पण म्हणजे मुंबईत सरळ मार्गाने कोणी काही करू शकतं यावर माझा तरी विश्वास नाही राहिला.

पेशीवाली:
असं नका म्हणू हो. नेक्सकार१९ बघा. हाडाचं नाही, रक्ताच्या कॅन्सरचं आहे, पण पेशींचंच. आयआयटी बॉम्बेत सुरू झालं, टाटाच्या डॉक्टरांनी ट्रायल्स घेतल्या, लॅब-प्राणी-फेज १-फेज २ अशा सगळ्या पायऱ्या चढून ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. देशातली पहिली कार-टी, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या. पवई आणि खारघरमध्येच झालं ना हे? वेळ लागतो, एवढंच. ऑर्थोमध्ये लोकांना तेवढा वेळ थांबायचं नसतं कारण गुडघेदुखीने कोणी मरत नाही आणि गिऱ्हाईक रोज दारात उभं असतं.

वसईकर:
पेशंट म्हणून लिहितो. कोविडमध्ये ऑक्सिजनवर होतो, स्टेरॉइड दिलं, जीव वाचला त्यामुळे तक्रार नाही. काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं, मांडी घालून बसता येईना, मोजे घालता येईनात. एमआरआय केला तर दोन्ही खुब्यांना एव्हीएन, म्हणजे हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा गेलेला. तेव्हा वय चाळिशीच्या आत. माहीमच्या हिंदुजातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोविडनंतरच्या अशा तीन केसेसचं छापलं होतं, पेपरात आलेलं, ते कात्रण आमच्या बाबांनी अजून ठेवलंय.
मला भेटलेले सर्जन काय म्हणाले ते लिहितो कारण वर 'नाही म्हणणं' आलंय. म्हणाले उजवा स्टेज २ आहे, गोळा अजून गोल आहे, इथे प्रयत्न करू. डावा कोसळलाय, तिथे बायॉलॉजीवर पैसे घालवू नका, दुखणं सहन होईनासं झालं की बदलू. एकाच माणसाच्या एका खुब्याला हो आणि दुसऱ्याला नाही. उजव्याचं कोर डीकॉम्प्रेशन (हाडात भोक पाडून आतला दाब कमी करणं) आणि त्यात मॅरो, एका ट्रायलमध्ये घेतलं होतं, त्याचा जाडजूड मराठी फॉर्म सही करायच्या आधी घरी वाचायला दिला. नंतर कुबड्या, वसईहून अपंगांच्या डब्यातून चर्चगेट, डब्यात चढलेल्या धडधाकट लोकांशी रोज वाद. डावा नंतर बदलला. उजवा अजून माझाच आहे, थंडीत कुरकुरतो. उद्या तोही जाऊ शकतो हे मला माहीत आहे, त्यांनी आधीच सांगितलंय.

कांदेपोहे:
वसईकर, सलाम. बाकी तो मॅरो काढतात कसा, दुखतं का? (मला नाही काढायचाय, उत्सुकता.)

हाडाचा_डॉक्टर:
वसईकरांच्या सर्जनला माझा नमस्कार, ओळखीचे असतील तर सांगा :)
कांदेपोहे, भूल दिलेली असते. पेशंट पालथा, कमरेमागे जी दोन हाडं हाताला लागतात तिथून घेतात. जाड सुई हाडाच्या टणक सालीतून ढकलावी लागते, मनगट फिरवत फिरवत, आत गेली की एकदम सैल लागतं आणि ती जाणीव पुस्तकातून येत नाही. मग सिरिंज ओढायची. इथे नवशिके हमखास गडबड करतात, मोठी सिरिंज लावतात आणि एकाच जागेवरून भसाभसा ओढतात. पहिले दोन-चार मिली मॅरो येतं, नंतर नुसतं रक्त. सिरिंज भरते, पेशी नसतात. बरोबर पद्धत म्हणजे १० मिलीची छोटी सिरिंज, झटका देऊन थोडंसंच ओढायचं, सुई फिरवायची, थोडी मागे घ्यायची, दिशा बदलायची, परत थोडं. पॅरिसच्या हर्निगूंनी हे मोजून दाखवलंय, खुब्यात मॅरो टाकण्याचं कामही त्यांनीच वर्षानुवर्षं लावून धरलं. म्हणजे बघा, ज्याला लोक हायफाय स्टेमसेल समजतात तिथे निम्मं यश सिरिंजच्या आकारावर आणि सर्जनच्या धीरावर. भाच्याचं सुतारकाम!
नंतर खुब्यात सी-आर्मखाली (ओटीतलं एक्सरे मशीन) वायर घालायची, लेड ॲप्रन घालून मुंबईच्या मे महिन्यात. एसी चालू असतो, तरी.

फिजिओताई:
आता मी. पीआरपी घेतलेले पेशंट माझ्याकडे येतात, म्हणजे यायला हवेत. त्यांना वाटतं इंजेक्शन घेतलं, आता आत पेशी काम करतील, आपण सोफ्यावर बसू. मांडीचा पुढचा स्नायू सुकलेला, वजन तसंच, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही. वर काहींनी मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक घेऊन खाल्लेलं असतं कारण इंजेक्शननंतर दोन दिवस गुडघा ठणकतो. त्यांना सांगितलेलं असतं की सूज कमी करणाऱ्या गोळ्या आधी आणि नंतर काही दिवस नको, दुखलं तर पॅरासिटामॉल, पण ते सांगणारा असिस्टंट घाईत बोलतो. माझं मत विचाराल तर ज्या सर्जनच्या प्रिस्क्रिप्शनवर व्यायामाचा कागद जोडलेला नसतो त्याच्या पीआरपीवर माझा भरवसा नाही.

सेमीफास्ट:
मुद्द्याचं कोणीतरी सांगा, पीआरपीने फायदा होतो की नाही? माझा गुडघा ग्रेड २ आहे.

पेशीवाली:
२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियाची ट्रायल आली होती, २८८ लोक, गुडघ्याचा सौम्य ते मध्यम आर्थरायटिस, म्हणजे तुमच्यासारखेच. निम्म्यांना पीआरपीची तीन इंजेक्शनं आठवड्याच्या अंतराने, निम्म्यांना साधं सलाईन. वर्षभराने दुखणं १० पैकी पीआरपीवाल्यांचं २.१ ने कमी, सलाईनवाल्यांचं १.८ ने. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. एमआरआयवर कार्टिलेज दोन्हीकडे जवळपास सारखंच झिजलेलं.

चाळकरी:
बघा! मिठाचं पाणी!

हाडाचा_डॉक्टर:
ट्रायल चांगली आहे, मी माझ्या पेशंटना तिच्याबद्दल सांगतो. त्यावर उलटं बोलणारे म्हणतात की त्यात प्लेटलेट्सचा डोस कमी होता, आणि दुसऱ्या बाजूला जेलच्या इंजेक्शनपेक्षा पीआरपी बरं निघालेल्याही ट्रायल्स आहेत. तरी 'कार्टिलेज उगवतं' असं मी कोणाला सांगत नाही, 'काही लोकांना काही महिने बरं वाटतं' एवढंच सांगतो, आणि बरेच जण ते ऐकून फिजिओताईंकडे जातात. टेनिस एल्बोसारख्या स्नायुबंधाच्या चिवट दुखण्यात माझा हात जास्त सैल आहे. सेमीफास्ट, ग्रेडवरून इंटरनेटवर सल्ला देणार नाही, रागावू नका.

भाच्याने अजून एक वाचावं. बीएमपी. १९६५ मध्ये अमेरिकेत युरिस्टने दाखवलं की कॅल्शियम काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथे नवीन हाड तयार होतं. स्नायूत हाड! त्यातून पुढे बीएमपी सापडली, २००२ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या ऑपरेशनसाठी परवानगी मिळाली आणि सर्जन मंडळी तुटून पडली, नको तिथेही वापरलं. सुरुवातीच्या, कंपनीच्या पैशावर झालेल्या पेपरांत दुष्परिणाम जवळजवळ नव्हतेच. २०११ मध्ये स्पाइन जर्नलने अख्खा अंक काढून ते पेपर परत तपासले आणि बरंच काळंबेरं बाहेर आलं. आता विचार करा, बायॉलॉजी शंभर नंबरी खरी होती, शोध खरा होता, तरी असं झालं. मी ज्युनिअर्सना या क्षेत्रात यायच्या आधी हीच गोष्ट वाचायला देतो, यशाचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेतच.

कांदेपोहे:
भावोजींचा प्रश्न राहिला. पोट भरतं का?

हाडाचा_डॉक्टर:
भरतं, पण याने नाही. मी बोलतो ते सरळ रस्त्याने चालणाऱ्याचं.
भाडं, ईएमआय, पोरांच्या फिया हे ट्रॉमा आणि रिप्लेसमेंटवर निघतं. रस्त्यांवर खड्डे आहेत आणि जिन्यांवर पाणी सांडतं तोवर ऑर्थोवाला मुंबईत उपाशी राहत नाही. रिजनरेटिव्हचा पेशंट वेळ खूप खातो, अर्धा-पाऊण तास समजावण्यात जातो आणि शेवटी तुम्ही त्याला 'गरज नाही' सांगून कन्सल्टेशनची फी घेऊन घरी पाठवता. विमा साथ देत नाही, विमा नियामक आयआरडीएआयच्या यादीत स्टेमसेल म्हणजे रक्ताच्या आजारांचं बोनमॅरो, हाडागुडघ्याचं त्यात नाही. जाहिरात करता येत नाही, २००२ च्या नियमावलीपासून डॉक्टरने पेशंट मिळवायला जाहिरात करणं मना आहे, जे करतात ते बघतोच आपण. आणि पेशंट पाठवणाऱ्याला कट द्यायचा की नाही हा प्रश्न पहिल्या महिन्यातच दारात येतो. कट प्रॅक्टिसविरुद्धच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये झाला, पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. नाही द्यायचा ठरवलं की पहिली काही वर्षं ओपीडीत पेपर वाचत बसायची तयारी हवी. घरून थोडा आधार असेल तर सोपं जातं, त्यामुळे भावोजींनी भाच्याशी बोलायला लागावं, ते करिअरच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.
उलट झटपट पैसा हवा असेल तर टीव्ही आणि उड्या मारणारे आजीआजोबा आहेतच. पहिल्या वर्षात गाडी येते.

चाळकरी:
डॉक्टर, तुमच्यासारखे भेटले नाहीत ही आमची चूक. पण एक विचारतो, मग तुम्ही हे करता कशाला? रिप्लेसमेंटच करा की सुखाने.

हाडाचा_डॉक्टर:
करतोच की रिप्लेसमेंट. आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर २०१७ मध्ये मर्यादा आल्यापासून जरा जास्त लोकांना परवडतं, ते चांगलंच झालं.
पण सत्तरीच्या बाईंचा गुडघा बदलला की मी मोकळा आणि त्याही मोकळ्या. बत्तीस वर्षांच्या वसईकरासारख्या माणसाचा खुबा बदलला तर त्याला आयुष्यात अजून एक-दोनदा तरी परत टेबलावर यावं लागणार आणि प्रत्येक वेळी हाड कमी उरलेलं असणार. त्याचा स्वतःचा खुबा दहा वर्षं जरी टिकवला तरी एक मोठं ऑपरेशन पुढे गेलं. तेवढ्यासाठी. फुटबॉल खेळताना गुडघ्यातला एक रुपयाच्या नाण्याएवढा कार्टिलेजचा तुकडा निघालेली कॉलेजातली मुलगी, हाड सहा-आठ महिने न जुळलेला डिलिव्हरी बॉय, असे ते पेशंट. संख्येने थोडे असतात. साठीच्या गर्दीत त्यांना ओळखून बाजूला काढणं हेच काम आहे.

वसईकर:
बत्तीस नाही हो, पण चालेल, आवडलं :)

लिंबूसरबत:
मंडळी, अख्खा धागा ताईकडे बसून मोठ्याने वाचला. भावोजी आतल्या खोलीत होते पण टीव्हीचा आवाज बारीक केलेला, म्हणजे ऐकत होते. कट प्रॅक्टिसच्या भागाला बाहेर आले आणि म्हणाले हा डॉक्टर बरोबर बोलतोय. भाच्याला बीएमपीची गोष्ट माहीत नव्हती, तो लगेच फोनमध्ये घुसला. त्याला इथे आयडी काढून दिलाय.

जेआर२_ऑर्थो:
सर नमस्कार, मीच तो भाचा. मावशीने सुतारकामाचं इथे लिहायला नको होतं. माझी थिसिस टिबियाच्या नॉनयुनियनवर आहे, गाईड सरांनी दिलेला विषय, आत्तापर्यंत मला तो बोअर वाटत होता. एक विचारायचं होतं, माझे बरेच पेशंट फॉलोअपला येत नाहीत, गावाला जातात, नंबर बदलतात, जे येतात ते बरे झालेलेच. हे असंच लिहायचं का? आणि डिसेंबरमध्ये वायरॉकला (मुंबईतली ऑर्थोची परिषद) पेपर द्यायचा विचार आहे. तुमच्या ओपीडीत एखाद्या शनिवारी बसलो तर चालेल का?

हाडाचा_डॉक्टर:
ये की, नंबर निरोपात टाकतो. ओपीडीत तू काही बोलायचं नाहीस, फक्त प्रत्येक गुडघ्याचा उभ्याने काढलेला एक्सरे आहे का ते बघायचं आणि झोपून काढलेला असेल तर परत पाठवायचं. पहिल्या दिवशी एवढंच काम.
न येणाऱ्यांचं असंच लिहून चालणार नाही. जे आले नाहीत ते बरे झाले म्हणून आले नाहीत की दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं म्हणून आले नाहीत, हे कळल्याशिवाय तुझ्या टक्केवारीला अर्थ नाही. केस पेपरवर नातेवाईकाचा दुसरा नंबर असतो, नसला तर ॲडमिशन रजिस्टरमध्ये गावचा पत्ता असतो, वॉर्डातल्या मामांना विचार, त्यांना अर्धे पेशंट नावानिशी आठवतात. शनिवारी येताना मास्टर शीट घेऊन ये आणि सुटलेल्यांची यादी वेगळी काढून आण, बसून एकेकाला फोन लावू.